तळं बदललं तशी मरळीची जागाही बदलली – आपल्या भागातल्या गळवाल्यांसाठी

मार्कंडेयकाठ
नमस्कार मंडळी. या सीझनला जो भेटतो तो एकच सांगालाय, तळ्यात आता मरळ मासा राहिला नाही म्हणून. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाला, पार चंदगडच्या हद्दीपर्यंत जी गावतळी आणि छोटे बंधारे आहेत तिथं मी शाळेत असल्यापासून गळ टाकतोय आणि माझं म्हणणं स्पष्ट आहे, मरळ आहे, तळं बदललंय. आपण मात्र अजून वडलांनी दाखवलेल्या दगडावरच बसालोय आणि मासा लागला नाही की ऑनलाइन नवीन फ्रॉग, म्हणजे गळाला लावायचा रबराचा बेडूक, मागवालोय. आधी जागा बदला, मग वेळ बदला, आमिष सगळ्यात शेवटी. जरा सविस्तर लिहितो.

तळ्याचं नाव लिहीत नाही, राग मानू नका. नाव लिहिलं की रात्रीची जाळी पडतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि राकसकोपचं कुणी विचारू नका, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथं गळ घेऊन जायचंच नाही.

आमच्या तळ्याला पूर्वी ओढ्याच्या बाजूला लांबलचक उतार होता. घोटाभर पाणी, मग गुडघाभर, मग कंबरभर, आणि त्यात पाणकणीस, लव्हाळा, मधे मधे कमळाची पानं. मरळ तिथंच. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात वरच्या शेतांची माती वाहून आली आणि ओढ्याच्या तोंडाशी गाळाचा ढीग बसला. त्यानंतर जलपर्णी आली आणि बघता बघता अर्धं तळं हिरवंगार. मग २०२३ ला पावसानं दगा दिला, तळं तळाला गेलं, तेव्हा गावानं जेसीबी लावून गाळ काढला, कुणी माती शेतात नेली कुणी वीटभट्टीला दिली. गाळ काढला ते उत्तमच झालं, आजूबाजूच्या विहिरींना पाणी वाढलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण काढताना काठ उभा कापला. आता काठावरून पाय टाकला की डोक्याच्या वर पाणी. मरळीला लागतो तो उथळ गवताचा पट्टाच तीन बाजूंनी गेला.

गाळ काढताना मी तिथंच होतो. वरून वाळून भेगा पडलेली माती, पण बादलीनं खालचा थर उचलला की काळा चिकट चिखल आणि त्यात मरळी, अंगाला चिखलाचा लेप, डोळे तेवढे चमकतायत. मरळीला कल्ल्यावर भागत नाही, ती वर येऊन तोंडानं हवा घेते, त्यामुळं अंग ओलं राहील एवढा चिखल असला तरी ती बरेच दिवस तग धरते. पोरांनी हाताला लागतील तेवढ्या उचलून उरलेल्या डबक्यात सोडल्या. म्हणून म्हणतोय, तळं आटलं म्हणून मरळ संपली असं होत नाही.

पाणी भरल्यावर मी पहिल्यांदा गळ नेलाच नाही. तंगूस म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा घेतला, टोकाला जाड नट बांधला, हात हातभर अंतरावर गाठी मारल्या आणि काठाकाठानं टाकत सगळं तळं मोजलं. नट चिखलात बसला की ओढताना चिकटून येतो, मुरमावर पडला की बोटाला खर्रकन लागतं, गवतात पडला की थोडं ताणून सुटतो. एवढ्यावर कळतं खाली काय आहे. कळलं असं की ओढ्याच्या तोंडाचा एक तुकडा जेसीबीवाल्यानं सोडलाय, कारण तिथं गाडी रुतत होती. तेवढाच जुना उतार शिल्लक, तेवढंच पाणकणीस शिल्लक, आणि गाळाच्या ढिगाला लागून एकदम खोल खड्डा. मरळ सगळी तिथं आणि जलपर्णीच्या कडेला. बाकी तीन बाजूंना दिवसभर फ्रॉग ओढला तरी काय मिळणार.

तुमच्या तळ्यांत काय बदललंय ते लिहा, मग वेळेचं आणि आमिषाचं पुढं लिहितो.

निपाणी_स्पिनिंग
दादा भारी धागा. माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी यूट्यूबवर अमेरिकेचे बास फिशिंगचे, म्हणजे तिकडच्या बास माशाचे, व्हिडिओ खूप बघतो, फ्रॉग, स्पिनरबेट, सॉफ्ट प्लास्टिक असली नकली आमिषं सगळी तिथूनच शिकलो. त्यांचं बघून आपल्याकडं तसंच केलं तर कधी जमतं कधी अजिबात जमत नाही. मरळ आणि बास यांच्यात नेमका फरक काय धरायचा? आणि जलपर्णीनं भरलेल्या तळ्यात सुरुवात कुठून करायची, आमच्या इथं तर काठावरून पाणीच दिसत नाही.

मार्कंडेयकाठ
बासचं टिळकवाडीचे आपले साहेब सांगतील, ते तिकडंच असतात. जलपर्णीचं मी सांगतो.

सगळं झाकलेलं असलं तरी कुठं ना कुठं फट असतेच. म्हशी उतरतात ती वाट, बायका धुणं धुतात ती पायरी, पंपाचा फूटव्हॉल्व ठेवायला शेतकऱ्यानं मोकळी केलेली जागा. आणि वाऱ्यानं जलपर्णीचा गठ्ठा सरकतो, सकाळी एका काठाला, दुपारी दुसऱ्या काठाला. मान्सूनचा पश्चिमेचा वारा लागला की सगळी पूर्वेच्या काठाला जाऊन बसते आणि पश्चिमेचं पाणी उघडं पडतं. त्या उघड्या पाण्याची कड म्हणजे जिथं हिरवळ संपते ती रेघ, तिच्या आतल्या बाजूला एक हात. फ्रॉग हिरवळीवर टाकायचा, हळूहळू सरकवत कडेपर्यंत आणायचा आणि पाण्यात टपकन पडू द्यायचा, आणि तिथं थांबायचं. जास्त करून तिथंच मारते.

थांबून बघणं पण शिका. मरळ हवा घ्यायला येते तेव्हा एकच ‘टप्प’ आवाज आणि एक गोल, बस्स. मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो तेव्हा बारीक बुडबुड्यांची रांग पुढं पुढं सरकते. चिलापी (तिलापिया) काठाजवळ नुसती कुलबुल करते. हे तीन वेगळे ओळखता आले की काठी कुठं मारायची ते विचारायला लागत नाही.

टिळकवाडी_ते_टेक्सास
मार्कंडेयकाठ, नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी इकडं टेक्सासात बरीच वर्षं बासच्या मागं आहे आणि गावी आलो की मरळीच्या, त्यामुळं दोन्ही जवळून बघितलेत.

सारखं काय ते आधी. दोघेही दबा धरून बसणारे, आडोसा लागतो, तोंड मोठं, आणि दोघेही पिल्लं राखतात. लार्जमाउथ बासचा नर वसंतात पाणी साधारण १५-१६ सेल्सिअसच्या वर गेलं की उथळ पाण्यात शेपटीनं माती साफ करून घरटं करतो आणि अंडी, मग पिल्लं राखत बसतो. फरक मोठा आहे तो श्वासाचा. बासला पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यात खोल तलावाचं खालचं पाणी आणि वरचं पाणी वेगवेगळे थर होतात, खालच्या थरातला ऑक्सिजन संपतो आणि बास त्याच्या खाली जाऊच शकत नाही. दाट शेवाळ कुजायला लागलं तर तिथूनही निघून जातो. मरळीला ही अडचण नाही. त्यामुळं इकडच्या व्हिडिओत ‘शेवाळ सडलंय, जागा सोडा’ सांगतात ते आपल्याकडं उलटं पडतं, जिथं बाकी मासे राहू शकत नाहीत तिथं मरळ आरामात राहते. निपाणीकर, तुझं जमत नाही ते बहुतेक इथं.

तलाव बदलण्याचं म्हणाल तर इकडंही तेच दुखणं आहे. लेक फोर्क नावाचं धरण आहे, १९८० ला पाणी अडवलं, झाडं न तोडताच बुडवली, म्हणून बाससाठी प्रसिद्ध झालं. आता पाण्याच्या वरची खोडं कुजून गेली, नुसते बुंधे पाण्याखाली उरले. जे लोक उभ्या झाडाकडं बघून गळ टाकायचे ते म्हणायला लागले बास गेले. बास खालच्या बुंध्यांनाच चिकटून होते, दिसत नव्हते एवढंच. दुसरं उदाहरण, लेक टेक्सोमात २००९ साली झेब्रा शिंपले सापडले, टेक्सासमध्ये पहिल्यांदाच. हे शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळं पाणी नितळ होतं, ऊन खोलवर जातं, शेवाळ खोलवर उगवतं. गढूळ पाण्यात जवळून चालणारी पद्धत अशा नितळ पाण्यात चालत नाही, लांबून टाकायला लागतं, दोरा बारीक लागतो. म्हणजे तुमच्या जेसीबीचं आणि इकडच्या शिंपल्याचं काम एकच, माशाला नवीन घर शोधायला लावलं.

हिडकलकाठ
आमच्याकडं तळ्याचा प्रश्न नाही, धरणाचा आहे. हिडकलचं पाणी वर्षात इतकं वरखाली होतं की जागा म्हणून काही टिकतच नाही. भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून २१७५ फूट, सगळीकडं पाणीच पाणी, आणि उन्हाळ्यात कालव्याला सोडून सोडून इतकं उतरतं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ बाहेर पडतं आणि माणसं दर्शनाला चालत जातात.

मी काय करतो ते सांगतो. एप्रिल-मेमध्ये धरण उतरलं की गळ ठेवून मोबाइल घेऊन जातो. बुडालेल्या गावांचे पाये, जुना रस्ता, विहिरीचा कठडा, बांध, बाभळीचे बुंधे, जुन्या नदीपात्राची कड, सगळ्याचे फोटो आणि लोकेशन सेव्ह. पाणी भरल्यावर त्या जागेवर काठावरून किंवा तराफ्यावरून टाकायचं. इतरांना तिथं सपाट पाणी दिसतं, मला खाली विहीर आहे हे माहीत असतं. शिवडा, शिंगटा असले मोठे मिशीवाले मासे असल्या कडेलाच लागतात.

आणि पाणी चढतंय की उतरतंय हे बघितल्याशिवाय काठीच काढू नका. चढत असलं की मासा नवीन बुडालेल्या गवतात, पिकाच्या धसकटात शिरतो, किडे गांडूळ सगळं तिथंच वर आलेलं असतं. उतरायला लागलं की तोच मासा आधी निघतो, पहिल्या खोल पायरीला जाऊन थांबतो. कालव्याला पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशी उथळात कुणी नसतं. जुने भोई लोक काठावर काडी रोवून बघायचे पाणी किती सरकलं, मी अजून तेच करतो.

उचगाव_बंधारा
सगळं मान्य पण मला एक गोष्ट पटत नाही. जलपर्णीत मरळ राहते म्हणून जलपर्णी बरी असा अर्थ निघालाय यातून. आमच्या बंधाऱ्यात जलपर्णीनं वाट लावली आहे, पहाटे रोहू कटला तोंड वर काढून आ वासतात आणि उन्हाळ्यात एकदा तर सगळा काठ मेलेल्या माशांनी पांढरा झाला होता. टेंडर घेतलेल्या सोसायटीची वर्षाची कमाई गेली. शहराचं सांडपाणी येतंय म्हणून ती वाढते. काढायलाच पाहिजे सगळी.

मार्कंडेयकाठ
तुमचं बरोबर आहे आणि मी जलपर्णीच्या बाजूनं नाही. ती ब्राझीलकडची, आपली नव्हेच. काढाच. माझं म्हणणं एवढंच की काढताना पाणकणीस, लव्हाळा, कमळ हे आपलं जुनं गवत पण जेसीबीनं एकाच बादलीत उचलू नका. ते मुळं धरून उभं असतं, त्याच्यातून पाणी खेळतं, त्यात पिल्लं वाढतात. जलपर्णी तरंगते, वरून झाकण टाकल्यासारखी बसते, खाली ऊन नाही हवा नाही. रात्रभर सगळे ऑक्सिजन वापरतात आणि तयार काही होत नाही, म्हणून पहाटे सगळ्यात कमी असतो, तुमचे मासे पहाटे आ वासतात ते यामुळं.

इथंच वेळेचा मुद्दा येतो. आपल्याला शिकवलेलं असतं पहाट आणि दिवेलागण. कापलेल्या काठाच्या, मोकळ्या पाण्याच्या तळ्यात ते अजून खरं आहे, मरळ उजाडताना काठाला येते आणि ऊन तापलं की खोल खड्ड्याकडं जाते. पण झाकलेल्या तळ्यात मला तरी मरळ दहा ते एकच्या कडक उन्हात जास्त लागते, हिरवळीच्या सावलीत वरच येऊन पडलेली असते, फ्रॉगचं पाऊल वाजलं की सरळ खालून फोडते. ढगाळ दिवशी तीच विखुरते आणि शोधत बसायला लागतं. म्हणजे एकाच गावातल्या दोन तळ्यांना दोन वेगळी घड्याळं. हे कुणी सांगून पटत नाही, स्वतः दुपारी बसून बघा.

खानापूर_मलप्रभा
दादा, वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्या घरात गळ बायकाच टाकतात, आजी टाकायची, आत्या अजून टाकते, बांबूची काठी आणि गांडूळ, दुसरं काही नाही. आमच्याकडं बदल तळ्यात कमी आणि पावसात जास्त झालाय.

चढणीचे मासे सगळ्यांना माहीत आहेत. पहिला मोठा पाऊस झाला, ओढे तांबडे झाले की मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात अंडी घालायला चढतात. आमच्याकडं हे मृगात ठरलेलं होतं. २०२५ ला मान्सून मे महिन्यातच आला, रोहिणी लागायच्या सुमारालाच ओढे वाहायला लागले, मासे चढले आणि मधे पावसानं उघडीप दिली तर खाचरात अडकून पडले. लोकांनी बुट्ट्या भरभरून नेले. आत्या त्या दिवशी घरातून निघालीच नाही, म्हणाली पोटुशी बाई दारात आली तर तिला मारत नसतात. त्यानंतरच्या महिन्यात ओढ्याला काहीच नव्हतं.

मरळीचं पण हेच. लाल पिल्लांचा घोळका पाण्यावर उकळी फुटल्यासारखा दिसतो, खाली आईबाप असतात. त्या घोळक्यावर फ्रॉग टाकला की बाप रागानं मारतोच, भूक नसली तरी मारतो. यूट्यूबवर आपल्याच भागातली पोरं असले व्हिडिओ टाकालेत, बघून जीव जळतो. बाप उचलला की चिलापी आणि बाकीचे मासे त्या पिल्लांचा तासाभरात फडशा पाडतात. एक मरळ घरी नेली म्हणजे त्या वर्षाचं बी नेलं. आमच्या घरी श्रावण पाळतात, मासे खाणं बंद तसं गळही बंद, आणि मरळीची पिल्लं त्याच दिवसांत असतात. जे श्रावण पाळत नाहीत त्यांनी निदान लाल घोळका दिसला तर काठी उचलून दुसरीकडं जावं.

निपाणी_स्पिनिंग
ताई, खरं सांगायचं तर घोळक्यावर टाकायचं हेच सगळे शिकवतात, त्याला पिल्लांचा नेम म्हणतात. यापुढं मी टाकणार नाही आणि आमच्या ग्रुपवर पण हा तुमचा प्रतिसाद पाठवतो.

आता एक विचारतो, रागावू नका. आमच्या ग्रुपमध्ये एकजण म्हणत होता की मरळ कमी झाली तर बासची पिल्लं कुठून तरी मागवून तळ्यात सोडायची, खेळायला मासा मिळेल. हे शक्य आहे का?

टिळकवाडी_ते_टेक्सास
अजिबात नको, आणि हे मी बासवर प्रेम करणारा माणूस म्हणून सांगतोय. जपाननं हे करून बघितलंय. १९२५ ला आशी तलावात बास सोडले, पुढं ते देशभर पसरले, बिवा तलावातल्या मूळच्या माशांना त्यांचा फटका बसला. २००५ पासून तिथं कायद्यानं बास सोडणं, पाळणं, जिवंत वाहून नेणं बंद आहे. गंमत म्हणून सोडलेला मासा परत काढता येत नाही.

आणि आपल्याला जपानपर्यंत जायची गरज काय. चिलापी भारतात १९५२ ला आणली, आज कुठलं तळं तिच्याशिवाय आहे सांगा. थाई मांगूर या परदेशी माशावर केंद्रानं २००० साली बंदी घातली तरी तो कुठं कुठं सापडतोच. रूपचंद, तोही बाहेरचाच, आता धरणातनं गळाला लागतो. आपल्या पाण्यात मरळ आहे, तिच्यासारखी धडक बास मारत नाही, दोन्ही धरून सांगतोय.

इकडून उचलायचं असेल तर मासा नका उचलू, नियम उचला. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास घरी न्यायचा नाही, सोडूनच द्यायचा, कारण अंडी घालणारी, जोमातली पिढी तीच. त्याहून लहान खायला न्या, मोठा एखादाच. आपल्याकडं मोजमाप वेगळं लागेल पण मधली मरळ सोडायची एवढं ठरवलं तरी पुष्कळ.

मार्कंडेयकाठ
ताईंनी लिहिलं ते मी वेगळ्या धाग्याला वर लावून ठेवावं म्हणतो.

आता आमिषाचं राहिलं होतं ते लिहितो. चिलापी आल्यापासून मरळीचं ताट बदललंय. पूर्वी डोळे वटारून बसलेले बेडूक, किडे, लहान खवलीचे मासे. आता तळ्यात फुकटची चिलापीची पिल्लं एवढी आहेत की तीच खाते. उन्हाळ्यात पाणी थोडं उतरलं की काठाच्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे रांगेनं दिसतात, ते चिलापीच्या नराचे. त्या खळग्यांच्या रांगेची जी खोल बाजू आहे तिथं मरळ फेऱ्या मारते. तिथं फ्रॉगपेक्षा बोटाएवढा सॉफ्ट प्लास्टिकचा मासा किंवा लहान चमचा (चमकणाऱ्या पत्र्याचं आमिष) चालतो, पाण्याच्या वर नाही, एक हातभर खाली, सावकाश. गेल्या दोन उन्हाळ्यांत माझ्या चांगल्या मरळी खळग्यांच्या कडेलाच मिळाल्यात.

फ्रॉग हिरवळीवरच ठेवा. पाणी गढूळ असलं, म्हणजे नुकताच गाळ काढलाय किंवा पहिला पाऊस झालाय, तर पुढं खोलगट तोंड असलेला, आवाज करणारा घ्या, मरळ गढूळात डोळ्यापेक्षा पाण्याच्या थरथरीवर जाते. नितळ असलं तर आवाज नको, लहान काळा किंवा मातकट, आणि लांबून. फ्रॉग फोडला की लगेच झटका मारायचा नाही, तो तोंडात जाऊन दोरा ताणला जाईपर्यंत दम धरायचा. दोरा जाड वेणीचा घ्या, जलपर्णीत बारीक तंगूस तुटतो आणि गळ तोंडात घेऊन मरळ मरते, ते पाप नको.

जिवंत बेडूक लावणाऱ्यांना हात जोडून विनंती, बंद करा. भातशेतीचा भाग आपला, बेडूक किडे खातो, आणि रबराचा त्याच्याइतकाच चालतो.

हिडकलकाठ
एक काळजीचं. गाळ काढलेल्या तळ्यांचे उभे काठ पावसात खालून पोखरतात आणि वर माणूस उभा असताना ढासळतात. काठापासून दोन पावलं मागं उभं राहायचं, पोरांना घेऊन गेलात तर त्यांना पुढं जाऊ द्यायचं नाही. जलपर्णीत पाय अडकला तर पोहणाऱ्यालाही सुटत नाही. गळ अडकला म्हणून कुणी पाण्यात उतरू नका, दोरा कापा.

उचगाव_बंधारा
मार्कंडेयकाठ, तुमचं पाणकणसाचं ऐकून सोसायटीच्या माणसाशी बोललो. जलपर्णी काढायला माणसं लावणारच आहेत. ओढ्याच्या तोंडाची पाणकणसाची जागा सोडायला तो तयार आहे, पण त्याची भीती वेगळी, मरळ वाढली तर त्यानं सोडलेलं रोहू-कटल्याचं बोटुकलीचं, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचं, बियाणं खाईल. त्याला काय सांगू?

मार्कंडेयकाठ
त्याची भीती खोटी नाही, मरळ बोटुकली खाते. पण त्याला विचारा चिलापीनं किती जागा अडवली आहे. चिलापी त्याच्या माशांचं खाणं खाते आणि बाजारात दर मिळत नाही, तिची पिल्लं खाणारी मरळ तळ्यात असली तर फायदा त्याचाच आहे. बियाणं सोडताना अगदी बारीक सोडू नका, थोडं वाढवून जरा मोठं सोडा, आणि पाणकणसाच्या बाजूला न सोडता बांधाच्या खोल बाजूला सोडा. शिवाय मरळ जिवंत विकली जाते, काटे कमी, बेळगावच्या बाजारात रोहूपेक्षा भाव चांगला, तो हिशोब त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

जागा सोडणार असेल तर चार बांबू रोवून खूण करा म्हणावं, नाहीतर जेसीबीवाला नवीन आला की त्याला काय माहीत.

उचगाव_बंधारा
बांबू माझ्या शेतातले देतो. जलपर्णी काढायचं गणपतीच्या आधी ठरलंय, विसर्जनाला घाट मोकळा पाहिजे म्हणून. त्याआधी एकदा येऊन तुमचा तो गाठीचा तंगूस टाकून बंधारा मोजून द्या, म्हणजे जेसीबीवाल्याला कुठं थांबायचं ते दाखवता येईल.

मार्कंडेयकाठ
येतो की. पाणी जरा नितळू दे, रविवारी फोन करतो. निपाणीकर, तुलाही यायचं असेल तर ये, काठी आणू नको, नट आणि दोरा आण.

निपाणी_स्पिनिंग
येतो दादा. सकाळची पहिली एसटी पकडतो.